मूठभर जागा

दोन महिने नाशिकच्या मुंबई नाक्याच्या चौकात माझं भलंमोठं होर्डिंग होतं. त्यात मी जमिनीवर उताणी पडले होते, माझ्या अंगावर माझा नवरा होता आणि मी हसत होते. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘प्रत्येक पकडीला एक वाट असते!’ सासूबाई त्या चौकातून रिक्षाने जाताना डोळे मिटून घ्यायच्या आणि रिक्षावाल्याला सांगायच्या, “बाबा, इथं सिग्नलला थांबू नकोस.”

नवरा-बायकोने भर चौकात असं पडून राहायचं कारण एक कपडा होता. त्याचं नाव ‘मोकळी’. त्याच्याबद्दल सांगते, पण मुळात आम्ही दोघं एकमेकांच्या अंगावर का पडतो ते आधी सांगायला हवं.

मी संयोगिता खैरनार. दिवसा शाळेत भूगोल शिकवते. संध्याकाळी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, पंपांच्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये जिउ-जित्सू शिकवते. ब्राझीलमध्ये वाढलेली ही जमिनीवरची झटापट. आपल्या कुस्तीत पाठ टेकली की खेळ संपतो, आमच्यात पाठ टेकली की सुरू होतो.

नवखा माणूस यातला प्रत्येक डाव सुटा पाठ करायला जातो आणि महिन्याभरात कंटाळून पळतो. मी माझ्या मुलींना नकाशा काढून दाखवते. भूगोलाची खोड, दुसरं काय! प्रत्येक स्थिती म्हणजे एक गाव. कुणी तुमच्या छातीवर मांड ठोकून बसलं की तो माउंट. कुणी बाजूने आडवं पडून छातीने छाती दाबून धरली की ते साइड कंट्रोल. तुम्ही खाली आहात, पण तुमचे पाय दोघांच्या मध्ये आहेत आणि त्यांनी तुम्ही समोरच्याला लांब ठेवलं आहे, तर तो गार्ड. खालच्या माणसाला त्यातल्या त्यात राहण्याजोगं गाव हेच. एका गावातून दुसऱ्या गावात जायचे रस्ते ठरलेले असतात. साइड कंट्रोलमधून थेट उठायला जाणारे हात मोडून घेतात. आधी कंबर सरकवायची, मग गुडघा मध्ये घालायचा, गार्डमध्ये यायचं, पुढचं पुढे. नाशिकहून पुण्याला निघालात तर वाटेत सिन्नर लागतंच, तसं. आणि सगळेच रस्ते बंद झाले, हात नाहीतर गळा अडकला, तर समोरच्याच्या अंगावर दोन थापा मारायच्या. त्याला टॅप म्हणतात. टॅप झाला की पकड त्या क्षणी सुटलीच पाहिजे.

हे सगळं आम्हाला देवळालीच्या दस्तूर सरांनी शिकवलं. सर आता नाहीत. त्यांचा एक नियम होता. “डिकरा, समोरचा कच्चा असेल तर मूठभर जागा सोडायची नी! नाय तर तो शिकणार कसा?” म्हणजे पकड घट्टच दिसली पाहिजे, पण आपलं कोपर आणि त्याची बरगडी यांच्यामध्ये एक मूठ शिरेल एवढी फट ठेवायची. खालचा ती फट शोधतो, सुटतो, हरखतो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो. आमच्या शेडमधून शिकून गेलेल्यांनी पुण्यात, जळगावात, संभाजीनगरात आपापले वर्ग काढले आणि ही रीतही सोबत नेली. ती इतकी अंगवळणी पडली होती की तिच्याबद्दल कुणी बोलतही नसे.

पंकज मला याच शेडमध्ये भेटला. माझा नवरा. व्हॉल्व्हच्या कारखान्यात सुपरवायझर, माझ्यापेक्षा वीस किलोंनी जड, आणि स्वभावाने इतका मऊ की भाजीवालीच त्याला म्हणते, “दादा, जरा भाव तरी करा!” हा एवढा थोरला माणूस अंगावर पडला तरी मी दरवेळी त्याच्याखालून निसटायचे. बघणारे तोंडात बोट घालायचे. मीही स्वतःवर बेहद्द खूश असायचे.

मग आमच्या शेडमध्ये डॉ. नाझनीन अत्तार आली. हाडा-स्नायूंची गणितं मांडणारी इंजिनिअर. आली पाठदुखीला व्यायाम म्हणून आणि राहिली कुतूहलापोटी. तिनेच मला पहिल्यांदा सांगितलं की शरीर कुठलीही हालचाल करण्याआधी गुपचूप तयारी करतं. तुम्ही उभ्या उभ्या डावा हात वर करणार असाल, तर हात हलायच्या क्षणभर आधी पाठीतले स्नायू ताठ होतात, तोल जाऊ नये म्हणून. हे आपल्याला कळतही नाही. नाझनीनने असे धागे विणले होते की त्यांना ते कळायचं. शिवाय कुठे किती दाब पडतो आहे हेही कळायचं. अंगाला घट्ट बसणारा तसा कपडा घातला आणि कुणी तुम्हाला धरलं, की तो एकाच वेळी दोघांना वाचायचा: तुमचे स्नायू आतून आणि धरणाऱ्याचं वजन बाहेरून.

पुढचं काम प्रोग्रॅमचं. आपण कुठल्या गावात आहोत, तिथून कुठले रस्ते निघतात आणि या घडीला कुठला मोकळा आहे, हे तो हिशेब करून ठरवायचा आणि त्या अवयवाला बारीक झिणझिणी द्यायचा. उजव्या खुब्याला झिणझिणी आली तर कंबर तिकडून काढ. डाव्या कोपराला आली तर कोपर आत ओढ. एक दिवसही तालीम न केलेली बाई नुसत्या झिणझिणीच्या मागे गेली तरी सुटेल, अशी ती कल्पना. प्रोग्रॅमला हे रस्ते शिकवायला आम्ही तीन वर्षं ते कपडे घालून एकमेकांना धरत होतो आणि सुटत होतो.

मग हा कपडा विकायला कंपनी आली, होर्डिंग आलं. देवदत्त सोमण नावाचे गोडबोले गृहस्थ कंपनीचे सर्वेसर्वा. पंकजने कारखाना सोडला आणि तो कंपनीचा प्रशिक्षण प्रमुख झाला. केबिन मिळाली, दारावर नावाची पाटी लागली. तो पहिल्याच दिवशी त्या पाटीचा फोटो काढून घेऊन आला आणि आम्ही सगळ्यांनी तो पाहिला. मग सरकारने योजना जाहीर केली: आठवीपासून पुढच्या प्रत्येक मुलीला एक ‘मोकळी’. सुरुवात आमच्याच जिल्ह्यातून. माझ्या शाळेत तर आधीच वीस कपडे प्रयोगासाठी येऊन पडले होते.

वाटपाच्या महिनाभर आधी मी मडगावला एका शिबिराला गेले. तिथे आमच्या शेडचं कुणी नव्हतं. माझी जोडी लागली लोर्ना नावाच्या बाईशी. पोहणं शिकवायची, लहानपणी ज्युदो केलेलं, वजनाने माझ्यापेक्षा हलकी. मी मनात म्हटलं, बिचारी!

तिने मला साइड कंट्रोलमध्ये धरलं. खांद्याने माझा जबडा पलीकडे वळवला, कोपर माझ्या खुब्याला टेकवलं आणि ती शांत पडून राहिली. माझ्या अंगात ‘मोकळी’ होती. उजव्या खुब्याला झिणझिणी आली. मी कंबर काढली. निघाली नाही. परत झिणझिणी, परत उजवा खुबा. मी परत जोर केला. कोपर आणि बरगडी यांच्यात मूठ काय, बोटही शिरत नव्हतं. कुणी दारावरची बेल दाबून धरावी तशी ती झिणझिणी थांबेचना. इकडून ये, इकडून ये! आणि तिकडे भिंत. श्वास अर्धाच आत जात होता. माझा गाल तिच्या खांद्याखाली चुरगळला होता आणि डोळ्यांसमोर नुसते छताचे पत्रे. सांगायला लाज वाटत नाही, मला मरणाची भीती वाटली. इतकी वर्षं मी लोकांच्या अंगाखाली पडते आहे, पण ही भीती मला ओळखीची नव्हती.

घंटा झाली तेव्हा ती उठली. मी म्हटलं, “तुम्ही जागाच सोडली नाही.”

ती गोंधळली. “जागा? कसली जागा? धरलं म्हणजे धरलं ना!”

परतीच्या प्रवासात मी हेच चघळत बसले. स्वतःची समजूत घातली, बाई तयारीची असेल, माझा दिवस वाईट असेल. पण सोमवारी शाळेत जे पाहिलं त्यानंतर समजूत घालायची सोय राहिली नाही.

प्रयोगाचे कपडे घालून मुली सभागृहात सतरंजीवर सराव करत होत्या. मनवा नावाच्या नववीतल्या मुलीच्या छातीवर तिची मैत्रीण बसली होती. मैत्रीण दांडगट, तिला आमच्या रीतीभातीचा गंध नाही. बसली ती खुशाल बसली. मनवा स्वस्थ पडून होती. हातपाय हलवत नव्हती, ओरडत नव्हती. चेहरा लाल झाला होता.

“अगं, ढकल तिला! ओरड!” मी धावत गेले.

“थांबा ना, मॅडम,” ती घुसमटल्या आवाजात म्हणाली. “अजून झिणझिणी नाही आली. येईल.”

बाकीच्या मुली खिदळल्या. मी मैत्रिणीला दंडाला धरून उठवलं. मागच्या वर्षीपर्यंत याच मुलींना मी शिकवलं होतं की आधी किंचाळा, मग चावा, मग पळा. ते सगळं पुसून गेलं होतं. त्या आता वाट बघत होत्या.

त्याच संध्याकाळी मी नाझनीनला शेडमध्ये बोलावलं. म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला! मी आणि पंकज दोघांनीही ‘मोकळी’ घातली. आजवर कपडा सुटणाऱ्याच्या अंगात असायचा. धरणाऱ्याच्या अंगात आम्ही तो कधी घातलाच नव्हता. पंकजने मला साइड कंट्रोलमध्ये धरलं. मी नेहमीसारखी निसटले. परत धरलं, परत निसटले. माउंट, परत तेच. नाझनीन पडद्याकडे बघत होती. तिचा चेहरा पडत गेला.

“संयोगिताताई, आधी यांचं कोपर सैल होतं, मग तुमची कंबर निघते. प्रत्येक वेळी. तुम्ही हलायच्या आधी.”

“मी नाही सोडत!” पंकज उसळून म्हणाला. “आईशपथ, पूर्ण ताकदीनं धरतोय.”

“तुम्हाला वाटतंय तसं. हात उचलायच्या आधी पाठ ताठ होते ते तुम्हाला कळतं का? हे तसंच आहे. इतक्या वर्षांची सवय, स्नायूंतच मुरली आहे.” मग ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “यंत्राला आपण सुटायच्या वाटा शिकवल्या असं मला वाटत होतं. ते आपली रीत शिकलंय. नकाशात जे रस्ते आहेत ते सगळे धरणाऱ्यानं उघडून दिलेले.”

मी मॅटवर बसून होते. मुलींचं काय होणार हा विचार यायला हवा होता, पण खरं सांगते, पहिल्यांदा माझं स्वतःचंच वाईट वाटलं. मी कधी सुटलेच नव्हते. मला सोडण्यात येत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सोमणांच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि हसले.

“मॅडम, आपण हजारभर चाचण्या घेतल्यात. पुण्यात, जळगावात, संभाजीनगरात.”

“धरणारे कोण होते?” मी विचारलं. “आमच्याच शेडमधून शिकून गेलेले. आणि उरलेले?”

“उरलेले आमचेच कर्मचारी. अगदी सभ्य मुलं.”

“तेच म्हणते मी. सभ्य माणूस चारचौघांत परक्या बाईला सगळा जोर लावून धरत नाही. आणि जो धरतो, तो तुमच्या चाचणीला येत नाही.”

सोमणांनी कप खाली ठेवला. “पुढच्या आवृत्तीत बघू ना. शिवाय मुलींना आत्मविश्वास मिळतो, तो काय कमी आहे? आणि एक लक्षात घ्या, आपला करार आहे. उत्पादनाविषयी बाहेर एक शब्द नाही. तुमचा चेहरा आहे होर्डिंगवर. वाटपाला मंत्रीणबाई येणार आहेत, प्रात्यक्षिक तुम्ही दोघंच करणार आहात. तुम्ही नाही केलंत तर दुसरी जोडी करेल, ती तुमच्यापेक्षा तरुण असेल.”

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. बोलले तर कोर्ट, पंकजची नोकरी आणि नाझनीनचं नाव. गप्प बसले तर मनवा. नाझनीनने तरी सरकारी खात्याला रीतसर कळवलं. तिकडून उत्तर आलं की आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.

सोमणांकडून त्या दिवशी घरी आल्यावर मी पंकजवर घसरले. तो सोमणांसमोर एक अक्षर बोलला नव्हता.

“तू काहीच का नाही बोललास?”

“तू बोलत होतीस ना. बरोबर बोलत होतीस.”

“पण तुला काय वाटतं?”

“तुझंच खरं आहे.”

आमच्या लग्नात माझा शब्द कधी खाली पडला नाही. घर कुठे घ्यायचं, मूल होत नाही तर दत्तक घ्यायचं की नाही, सासूबाईंच्या खोलीला कुठला रंग, सगळ्या भांडणांत शेवटी मीच जिंकले. मला वाटायचं, माझे मुद्दे बिनतोड असतात. आता त्यातलं एकेक भांडण आठवून मी शोधायला लागले की या माणसाने कोपर कधी सैल केलं. दत्तक घ्यायचं नाही हे मी ठरवलं तेव्हा तो म्हणाला होता, “बरं.” त्याला हवं होतं का मूल? मला ठाऊकच नव्हतं. घरातल्या घरात, मऊ गादीवर, मी वर्षानुवर्षं कुणालाच न भेटता राहिले होते की काय!

“पंकज, ये इकडे. मला धर. खरंखुरं.”

त्याने हॉलमधलं टीपॉय सरकवलं. सतरंजीवर त्याने मला साइड कंट्रोलमध्ये धरलं. मान लाल होईपर्यंत जोर केला. मी कंबर काढली आणि निघाले. परत धरलं. परत निघाले. सासूबाईंनी दारातून डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावून आत गेल्या.

तिसऱ्यांदा मी निघाले तेव्हा तो भिंतीला टेकून बसला. “मला येतच नाही गं,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

त्यानंतर आम्ही त्या विषयावर बोललो नाही. तो सकाळी ऑफिसला जायचा, मी शाळेत. मुंबई नाक्यावर मी हसतच होते. माझा बेत साधा होता, आणि बेत म्हणण्यासारखा तो नव्हताच. स्टेजवर जायचं आणि सुटायचं नाही, नुसतं पडून राहायचं. पण मला नाटक जमत नाही. गॅदरिंगमध्ये मी झाड झाले होते आणि ते झाडसुद्धा हललं होतं. मी खोटी पडून राहिले तर सोमण हसून सांगणार, मॅडमच्या पाठीत उसण भरली. लगेच दुसरी जोडी येणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह मुलींनी गच्च भरलं होतं. पहिल्या रांगेत मंत्रीणबाई, शेजारी सोमण, एका बाजूला नाझनीन. स्टेजच्या कडेला वाटायच्या ‘मोकळीं’च्या खोक्यांची भिंत रचलेली, त्यावर फुलांच्या माळा. माझ्या कॉलरला माइक लावला होता, सुटल्यावर मी हसून ‘प्रत्येक पकडीला एक वाट असते’ म्हणायचं होतं. निवेदिकेने आमची ओळख करून दिली. पंकजने वर जाड सुती पोशाख घातला होता, मनगटापर्यंत. तो माझ्याकडे बघत नव्हता. मला वाटलं, घाबरलाय.

मी उताणी झाले. तो आडवा आला. छातीवर छाती, खांदा जबड्याखाली, कोपर खुब्याला. नेहमीची जागा. माझ्या उजव्या खुब्याला झिणझिणी आली आणि सवयीनेच, पडून राहायचं ठरलेलं असताना, माझी कंबर निघायला गेली.

निघाली नाही.

मी परत जोर केला. त्याचं कोपर जिथल्या तिथे. बरगडीला चिकटलेलं, लोखंडी बिजागरीसारखं. झिणझिणी वाजत होती. मी आता खरोखर धडपडायला लागले, टाचा मॅटवर घासल्या, मान पिरगाळली, गुडघा घुसवायचा प्रयत्न केला. काही नाही. वीस किलो जास्तीचा एक माणूस माझ्या छातीवर होता आणि तो हलत नव्हता. मडगावची तीच भीती परत आली. श्वास अर्धा. स्टेजवरचे दिवे थेट डोळ्यांत. निवेदिका म्हणाली, “आता आपण बघणार आहोत...” आणि बोलायची थांबली. संगीत वाजतच राहिलं, मग तेही कुणीतरी बंद केलं.

त्याचा घाम माझ्या कपाळावर पडत होता. तो माझ्या कानाशी म्हणाला, “सोडू?”

माझ्या कॉलरच्या माइकने ते सगळ्या सभागृहाला ऐकवलं.

“नको,” मी म्हणाले. तेही ऐकवलं.

मग मी बोलले. हवा मिळेल तसं, तीन-तीन शब्दांनी. “मुलींनो. हे माझे मिस्टर. मी हे शिकवते. कपडा मला सांगतोय, उजवीकडून नीघ. मला नाही निघता येत. कारण आज त्यांनी खरं धरलंय. या कपड्याला फक्त खोटं धरलेलं माहीत आहे. कुणी धरलं तर झिणझिणीची वाट बघू नका. धरायच्या आधी पळा. धरलं तर किंचाळा. मनवा, ऐकतेयस ना?”

सोमण स्टेजच्या पायरीपर्यंत आले होते. “लाइट बंद करा,” असं ते कुणाला तरी सांगत होते. मंत्रीणबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

मग मी पंकजच्या पाठीवर दोन थापा मारल्या. त्या क्षणी पकड सुटली.

टाळ्या नाहीत, काही नाही. मंत्रीणबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी आम्हाला काही विचारलं नाही, नाझनीनला विचारलं, “डॉक्टर, ही बाई म्हणतेय ते खरं आहे का?” नाझनीन उभी राहिली. तिच्या आयुष्याची दहा वर्षं त्या खोक्यांमध्ये होती. ती म्हणाली, “खरं आहे, बाई. मी खात्याला कळवलं होतं.” मंत्रीणबाईंनी खोक्यांकडे हात केला. “मग ही परत न्या,” त्या म्हणाल्या आणि माइक हातात घेऊन मुलींना म्हणाल्या की आज कार्यक्रम होणार नाही, पण जेवण आहे, जेवून जा.

स्टेजच्या मागे जुन्या नेपथ्याच्या फळ्या पडल्या होत्या. पंकज त्यांच्यावर बसला होता. मी समोर जाऊन उभी राहिले. उजव्या बरगड्या ठणकत होत्या.

“कसं जमलं तुला?”

त्याने जाड बाही वर केली. आत ‘मोकळी’ होती. “नाझनीननं हिचा प्रोग्रॅम उलटा करून दिला. माझं कोपर सैल व्हायला लागलं की मला चटका बसतो. सैल व्हायच्या आधीच. रोज ऑफिसच्या आधी शेडवर जायचो, वाळूच्या पोत्याला धरायचो, मग नाझनीनला.” त्याच्या दंडावर लाल चट्टे उठले होते. “खूप लागलं का तुला?”

“किती जोर लावला होतास?”

“सगळा,” तो म्हणाला.

मला रडू फुटलं. मी त्याच्या शेजारी फळीवर बसले आणि मनसोक्त रडले. बाहेर मुलींचा जेवणाच्या रांगेतला कलकलाट चालू होता. थोड्या वेळाने सोमणांचा माणूस आला आणि कंपनीचं ओळखपत्र मागू लागला. पंकजने गळ्यातून काढून दिलं.

माणूस गेल्यावर मी नाक पुसून म्हटलं, “जाऊ दे रे नोकरी. तसंही ते काम तुझ्याजोगं नव्हतंच.”

तो नेहमीप्रमाणे ‘तुझंच खरं’ म्हणेल असं मी गृहीत धरलं होतं.

“नाही,” तो म्हणाला. “तसं नाही, संयू. मला ते काम आवडत होतं. दारावर नाव होतं माझं. ते गेलं आणि मला फार वाईट वाटतंय. आणि दुसरं, मला मूल हवं होतं.”

इतक्या वर्षांत त्याने मला पहिल्यांदाच अडवलं होतं आणि माझ्यापाशी त्यातून निसटायला काहीही नव्हतं.

“मला सांग सगळं,” मी म्हणाले.